चित्र एकदाच मोठं करावं

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याजवळ, बालाघाटच्या डोंगरात कपिलधार आहे. तिथं मन्मथस्वामींची समाधी आहे आणि कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला लांबलांबून दिंड्या येतात. पावसाळा चांगला झाला की तिथला धबधबा पाहायला येणाऱ्यांची गर्दी वेगळीच. यात्रेला किंवा सहलीला गेलेल्या कितीतरी घरांत या धबधब्याचं चित्रीकरण जपून ठेवलेलं असेल. जुनं असेल तर व्हीएचएस कॅसेटवर, त्यानंतरचं असेल तर व्हीसीडीवर आणि अलीकडचं असेल तर मोबाइलमध्ये.

वरून येणारं पाणी हजारो थेंबांत फुटतं. एका क्षणी जो थेंब जिथं असतो, तिथं तो पुढच्या क्षणी नसतो. डोळ्यांना हे दृश्य जितकं सुखाचं, तितकंच ते कॅमेऱ्याला आणि टीव्हीला अवघड. स्थिर बसलेल्या माणसाचा चेहरा कसलाही टीव्ही बरा दाखवतो. पडतं पाणी दाखवताना मात्र त्याचे सगळे दोष उघडे पडतात. म्हणून घरचा टीव्ही किंवा प्रोजेक्टर नीट लावला आहे की नाही हे तपासायचं असेल, तर धबधब्याचं चित्र लावून पाहावं. आजच्या बोलण्यात आपण हीच कसोटी हाताशी ठेवू.

नेहमीचा अनुभव असा असतो. दिवाळीत घरात ४३ किंवा ५५ इंची ‘फोर के’ टीव्ही येतो. पहिले दोन दिवस नवे सिनेमे पाहून होतात. मग कोणीतरी म्हणतं, आपल्या लग्नाची कॅसेट लावा, यात्रेची सीडी लावा. ती लागते आणि सगळे हिरमुसतात. माणसं बुटकी आणि जाड दिसतात, चेहरे मेणाचे वाटतात, पाण्याच्या कडांना कंगव्यासारखे दात फुटतात. कोणी म्हणतं टीव्ही वाईट निघाला, कोणी म्हणतं कॅसेट खराब झाली. पुष्कळदा टीव्हीही ठीक असतो आणि कॅसेटही. बिघाड असतो तो दोघांच्या मधल्या सेटिंगमध्ये.

ठिपक्यांचा हिशेब

टीव्हीवरचं चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. ‘फोर के’ टीव्हीच्या पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके असतात, म्हणजे एकूण सुमारे ८३ लाख. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख. आपल्याकडच्या ‘पाल’ पद्धतीच्या डीव्हीडीत ७२० गुणिले ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत. आणि व्हीसीडीत ३५२ गुणिले २८८, म्हणजे जेमतेम एक लाख.

आता भागाकार करून पाहा. डीव्हीडीचा एक ठिपका फोर के पडद्यावर वीस ठिपक्यांची जागा व्यापतो. व्हीसीडीचा एक ठिपका सुमारे ८२ ठिपक्यांची. म्हणजे व्हीसीडी लावली असताना पडद्यावरच्या ८२ ठिपक्यांपैकी एकाचीच माहिती तबकडीवर आहे, उरलेले ८१ कोणीतरी अंदाजानं भरतं आहे. या अंदाजानं भरण्यालाच ‘अपस्केलिंग’ म्हणतात.

व्हीएचएस कॅसेटची गोष्ट आणखी बारीक आहे. तिच्यावर ठिपके नसतात, चुंबकीय फितीवर ओळी असतात. उभ्या ओळींची संख्या डीव्हीडीइतकीच, पण प्रत्येक ओळीतला आडवा तपशील डीव्हीडीच्या निम्म्याच्या आसपास. रंगाचा तपशील तर त्याहून पुष्कळच कमी. म्हणून जुन्या लग्नाच्या कॅसेटमध्ये नवरीच्या लाल शालूचा रंग काठाबाहेर ओघळलेला दिसतो. तो टीव्हीचा दोष नाही, फितीवर तो तसाच नोंदलेला आहे.

हे अंदाजाचं काम कसं चालतं? पाच ठिपक्यांची रांगोळी दहा ठिपक्यांची करायची असेल, तर मधल्या ठिपक्याला कोणता रंग द्यायचा? सर्वांत सोपा मार्ग म्हणजे शेजारच्याचाच रंग पुन्हा द्यायचा. मग चित्राला चौकोनी पायऱ्या पडतात. दुसरा मार्ग म्हणजे दोन्ही शेजाऱ्यांची सरासरी काढायची. पायऱ्या जातात, पण चित्र धूसर होतं. तिसरा मार्ग म्हणजे आणखी लांबचे ठिपके पाहून कडा ओळखायची आणि ती जपायची. बऱ्या प्रतीचे टीव्ही असं काहीतरी करतात. चौथा मार्ग अलीकडचा, कृत्रिम बुद्धिमत्तेचा. त्याबद्दल शेवटी बोलू. मार्ग कोणताही असो, एक गोष्ट पक्की धरावी. नोंदलंच गेलं नाही ते कोणीही परत आणू शकत नाही. त्या जागी काय असेल याचा अंदाज तेवढा करता येतो.

मोठं कोणी करायचं?

कॅसेटपासून पडद्यापर्यंत चित्र दोन-तीन हातांतून जातं. प्लेअर किंवा सेट टॉप बॉक्स, मधला एखादा कन्व्हर्टर किंवा अ‍ॅम्प्लिफायर, आणि शेवटी टीव्ही. या प्रत्येकाला चित्र मोठं करता येतं आणि मुभा दिली तर प्रत्येकजण ते करतो. एकानं थोडं मोठं केलं, दुसऱ्यानं त्याच्या कडा कोरल्या, तिसऱ्यानं त्या कोरलेल्या कडांनाच तपशील समजून आणखी ठळक केलं. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की अक्षरं जशी फुटतात, तसंच इथं होतं.

म्हणून पहिला नियम असा : चित्र एकदाच मोठं करावं आणि जो ते सर्वांत चांगलं करतो त्याच्याकडेच ते काम द्यावं. बाकीच्यांनी आलेलं चित्र जसंच्या तसं पुढे द्यावं.

चांगलं कोण करतो? नव्या, बऱ्या कंपनीच्या टीव्हीतली चिप बहुतेक वेळा स्वस्त डिश बॉक्समधल्या चिपपेक्षा चांगली असते. अशा वेळी बॉक्सच्या मेन्यूत ‘व्हिडिओ आउटपुट’ किंवा ‘रिझोल्यूशन’मध्ये जाऊन, वाहिनी साध्या दर्जाची असेल तर ५७६ निवडावं आणि मोठं करण्याचं काम टीव्हीवर सोडावं. वाहिनी एचडी असेल तर १०८०. काही प्लेअरमध्ये ‘ओरिजनल’, ‘नेटिव्ह’ किंवा ‘सोर्स डायरेक्ट’ असा पर्याय असतो, तो मिळाला तर उत्तमच. मग दर वेळी बदलावं लागत नाही. उलट टीव्ही अगदी साधा असेल आणि ब्लू-रे प्लेअर चांगला असेल, तर काम प्लेअरकडे द्यावं आणि आउटपुट टीव्हीच्या पडद्याइतकं ठेवावं.

खात्री करायची असेल तर दहा मिनिटांचं काम आहे. एकच वाहिनी लावा. बॉक्स आधी ५७६ वर ठेवून पडद्यावरची बारीक अक्षरं आणि निवेदकाचे केस पाहा. मग १०८० वर ठेवून तेच पाहा. जे स्वच्छ दिसेल ते ठेवा. दुकानदाराला विचारायचीही गरज नाही.

कॅसेटच्या बाबतीत एक वेगळी अडचण येते. जुन्या व्हीसीआरला पिवळी, लाल, पांढरी अशी तीन टोकांची वायर असते. टीव्हीला तशी जागा किंवा त्यासाठीची छोटी पिन असेल तर ती वायर थेट टीव्हीलाच जोडावी. अनेकजण बाजारातून एव्हीचं एचडीएमआय करणारी छोटी डबी आणतात. ही डबी स्वतःच चित्र मोठं करते, तेही कसंबसं, आणि बहुतेक डब्या जुनं चौकोनी चित्र ओढून रुंद करून टाकतात. दुसरा मार्गच नसेल तर डबी वापरा, पण मग टीव्हीच्या ‘पिक्चर साइझ’मध्ये जाऊन ४:३ निवडा.

या ४:३ चंही सांगायला हवं. जुन्या टीव्हीचा पडदा चार भाग रुंद आणि तीन भाग उंच होता. आताचा सोळा भाग रुंद आणि नऊ भाग उंच आहे. जुनं चित्र नव्या पडद्यावर पूर्ण भरलं की प्रत्येक माणूस एक तृतीयांशानं जाड होतो. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले तर घरातले म्हणतात, पडदा वाया गेला. तो वाया जात नाही. त्या पट्ट्यांमुळेच आजोबांचा चेहरा आजोबांचा राहतो. ‘झूम’ केलं तर पट्टे जातात, पण वरचे फेटे आणि खालचे हात कापले जातात. तसंच ‘ओव्हरस्कॅन’ बंद ठेवावं. ते बंद करणाऱ्या पर्यायाला कुठं ‘स्क्रीन फिट’, कुठं ‘जस्ट स्कॅन’ म्हणतात. ओव्हरस्कॅन चालू असेल तर टीव्ही चारही कडा थोड्या कापून उरलेलं चित्र पुन्हा मोठं करतो, म्हणजे विनाकारण आणखी एक मोठं करणं आलं.

कंगव्याचे दात

आता त्या पाण्याच्या कडांना फुटणाऱ्या दातांकडे वळू. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि १९८२ पासून आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण आलं. या पद्धतीत सेकंदाला २५ पूर्ण चित्रं असतात, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत पाठवलं जातं. आधी १, ३, ५ अशा विषम ओळी आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर २, ४, ६ अशा सम ओळी. याला ‘इंटरलेस’ म्हणतात. जुन्या काचेच्या टीव्हीवर हे छान चालायचं, कारण तो ओळी तशाच क्रमानं काढायचा. नवा सपाट पडदा मात्र सगळ्या ओळी एकदमच दाखवतो.

घोटाळा इथं होतो. सेकंदाच्या पन्नासाव्या भागात धबधब्याचं पाणी खाली सरकलेलं असतं, दिंडीतला झेंडा फडकून बाजूला गेलेला असतो. विषम ओळींत झेंडा एका जागी आणि सम ओळींत दुसऱ्या जागी. दोन्ही एकत्र दाखवलं की कडेला दात दिसतात. हे दात काढून नीट चित्र बनवण्याला ‘डीइंटरलेसिंग’ म्हणतात आणि ते चित्र मोठं करण्याच्या आधी व्हावं लागतं. आधी मोठं केलं तर दातही मोठे होतात आणि मग ते निघत नाहीत. आकड्यापुढं ‘आय’ असेल तर चित्र हप्त्यांत जातं, ‘पी’ असेल तर पूर्ण. बॉक्सला ५७६आय ठेवलं तर दात काढण्याचं काम टीव्ही करतो, ५७६पी ठेवलं तर बॉक्स करतो. इथंही दोन्ही लावून, हलतं दृश्य पाहून ठरवावं.

कॅसेटची डिजिटल प्रत करून देणाऱ्या दुकानात जाणार असाल तर हे विशेष लक्षात ठेवा. पुष्कळ ठिकाणी दात काढण्याच्या नादात प्रत्येक चित्राचे अर्धे हप्ते फेकून दिले जातात किंवा दोन हप्ते एकमेकांत मिसळले जातात. मग सेकंदाला पन्नास क्षण होते तिथं पंचवीसच उरतात आणि हालचालीतला जिवंतपणा जातो. म्हणून दुकानदाराला सांगावं, ७२० गुणिले ५७६ ची मूळ इंटरलेस प्रत द्या, आणि मोबाइलवर पाहायला वेगळी छोटी प्रत द्या. ‘डीव्ही’ प्रकारात अशी प्रत तासाला सुमारे १३ जीबी होते. ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर चार तासांहून अधिक मावतं. आज हा खर्च फार नाही.

पन्नास की साठ?

चित्र किती मोठं, याइतकंच ते सेकंदाला किती वेळा बदलतं हेही महत्त्वाचं आहे. आपल्या वाहिन्या ५० च्या पटीत चालतात. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. मोबाइलचं चित्रीकरण बहुधा ३० किंवा ६० चं. टीव्ही आणि बॉक्स यांचं जमलं नाही की चित्र अडखळतं. उदाहरणार्थ, २४ ची चित्रं ६० मध्ये बसवायची तर एक चित्र तीन वेळा, पुढचं दोन वेळा असं दाखवावं लागतं. कॅमेरा डोंगरावरून सावकाश फिरताना डोंगर ठेचकाळत जातो, तो यामुळं.

याची घरगुती परीक्षा सोपी आहे. बातम्यांची वाहिनी लावा आणि खाली सरकणारी पट्टी पाहा. पट्टी सलग सरकत असेल तर ठीक. झटके देत असेल तर बहुधा बॉक्स ६० वर आहे; तो ५० वर आणा. स्टिक किंवा अँड्रॉइड बॉक्स वापरत असाल तर त्यात ‘मॅच फ्रेम रेट’ किंवा ‘मॅच कंटेंट’ असं सेटिंग शोधा आणि चालू करा. मग सिनेमाला २४, वाहिनीला ५० असं ते आपोआप ठरतं.

याच गणिताचा परिणाम कानांवरही होतो. ‘पाल’ पद्धतीच्या डीव्हीडीवर किंवा दूरदर्शनवर २४ चा सिनेमा २५ नं चालवला जायचा, म्हणजे चार टक्के वेगानं. अडीच तासांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपायचा आणि गाण्याचा स्वर किंचित चढायचा. ज्यांचा कान तयार आहे त्यांना आवडत्या गाण्याची पट्टी वेगळी का वाटते, याचं कारण कधी कधी हे असतं.

टीव्हीच्या मेन्यूत

बॉक्स झाला, आता टीव्ही. दुकानात टीव्ही ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’वर लावलेला असतो, कारण झगझगीत उजेडात शेजारच्या टीव्हीपेक्षा तो उठून दिसायला हवा. घरी तो ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोडवर आणावा. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल. डोळे सरावले की माणसांच्या कातडीचा रंग माणसांसारखा वाटू लागतो.

‘शार्पनेस’ कमी करावा. तो वाढवल्यानं तपशील वाढत नाही. कडेभोवती पांढरी रेघ तेवढी उमटते. सूचीतल्या अक्षरांभोवती अशी रेघ दिसेनाशी होईपर्यंत तो खाली आणावा. ‘नॉइज रिडक्शन’ जपून वापरावं. जुन्या कॅसेटवरची मुंगी त्यानं थोडी कमी होते, पण जोरात लावलं तर टीव्हीला थेंब आणि मुंगी यांतला फरक कळत नाही आणि कपिलधारचं पाणी पिंजलेल्या कापसासारखं दिसू लागतं. कॅसेटला ‘लो’, बाकी सगळ्याला बंद, हे बरं.

‘मोशन स्मूदिंग’ हे तिसरं. वेगवेगळ्या कंपन्या त्याला मोशनफ्लो, ट्रूमोशन, ऑटो मोशन प्लस अशी नावं देतात. दोन चित्रांच्या मध्ये टीव्ही स्वतःचं चित्र घालतो. क्रिकेटला ते चालतं. सिनेमा मात्र त्यानं दैनंदिन मालिकेसारखा दिसतो आणि धबधब्यापुढं तर ते हार खातं, कारण कोणता थेंब कुठं गेला हे त्याला कळतच नाही. पाण्यात डबकी तयार होतात. सिनेमासाठी बंद.

‘एचडीआर’ हे जास्त उजेडाचं आणि रंगाचं तंत्र आहे. ते ज्या चित्रात आहे त्यालाच लागू व्हावं. बॉक्समध्ये ‘नेहमी एचडीआर’ ठेवलं तर जुने सिनेमे फिके किंवा भडक दिसतात. तिथंही ‘मॅच’ किंवा ‘ऑटो’ निवडावं. काळा रंग राखाडी दिसत असेल किंवा काळ्या कोटाच्या घड्या अजिबात दिसत नसतील, तर टीव्ही आणि बॉक्स यांची ‘ब्लॅक लेव्हल’ जुळलेली नाही. दोन्हीकडे ‘ऑटो’ किंवा ‘लिमिटेड’ ठेवा. आणि केबल? फोर के चित्र सेकंदाला ६० वेळा हवं असेल तर ‘प्रीमियम हाय स्पीड’ लिहिलेली एचडीएमआय केबल पुरे. महागडी केबल चित्र सुधारत नाही. डिजिटल चित्र नीट पोचतं, नाहीतर चमकतं, तुटतं, जातं.

अंतर आणि पडदा

सर्वांत स्वस्त सेटिंग म्हणजे खुर्ची. चांगल्या दृष्टीचा माणूस अंशाच्या साठाव्या भागाइतकं अंतर वेगळं ओळखतो. त्यावरून हिशेब केला तर ५५ इंची टीव्हीवर फुल एचडीचे ठिपके सव्वासात फुटांपलीकडून वेगळे दिसत नाहीत. म्हणजे सोफा दहा फुटांवर असेल तर फुल एचडी आणि फोर के यांतला ठिपक्यांचा फरक डोळ्याला कळणारच नाही. आणि डीव्हीडीच्या ओळी दिसेनाशा व्हायला त्याच टीव्हीपासून साडेतेरा फूट लागतात. जुनी कॅसेट पाहताना खुर्ची मागं घ्या, नवा सिनेमा पाहताना पुढं. २१ इंची टीव्हीवर हीच कॅसेट छान का दिसायची, याचंही उत्तर यातच आहे.

प्रोजेक्टर घेणारे आता गावोगाव आहेत. महाराष्ट्रात जत्रेतल्या तंबूत सिनेमा दाखवण्याची जुनी परंपरा आहे. २०१६ च्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात अशाच टुरिंग टॉकीजवाल्यांचं आयुष्य दिसतं. तंबूतल्या ऑपरेटरच्या हाती सेटिंग मोजकीच : चित्र फोकसमध्ये आणायचं, चौकटीत बसवायचं, दिवा नीट ठेवायचा. प्रोजेक्टर घेताना तोच साधेपणा ठेवावा. खोक्यावर ‘फोर के सपोर्टेड’ लिहिलं असलं तरी विचारावं, ‘नेटिव्ह’ रिझोल्यूशन किती? स्वस्त यंत्रात ते पुष्कळदा १२८० गुणिले ७२० निघतं. म्हणजे फोर के चित्र ते स्वीकारतं, पण नऊ ठिपक्यांचा एक करून दाखवतं. अशा यंत्राला फोर के देऊन उपयोग नाही, त्याच्या नेटिव्ह आकड्याइतकंच आउटपुट द्यावं. दुसरं म्हणजे ‘कीस्टोन’. यंत्र तिरपं ठेवून चित्र चौकोनी करण्यासाठी ते वापरतात, पण त्यात सगळं चित्र पुन्हा नव्यानं आखलं जातं. कीस्टोन शून्यावर ठेवा आणि यंत्रच टेबलावर उंच, पडद्यासमोर सरळ ठेवा.

नसलेला चेहरा

आता कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल. लाखो चित्रं पाहून शिकलेला प्रोग्राम अंधूक चित्रावरून तिथं काय असावं ते रेखाटतो. भिंतीच्या विटा, झाडाची पानं, पुस्तकातली अक्षरं यांत तो चांगला अंदाज करतो. टीव्हीतली अशी सोय सौम्य असते, चालू ठेवायला हरकत नाही. मोबाइलवरची आणि दुकानातली ‘कॅसेट फोर के करून देतो’ ही सोय मात्र फार पुढं जाते.

लग्नाच्या कॅसेटमध्ये पंगतीचं लांबून घेतलेलं दृश्य असतं. कोपऱ्यात आजी बसलेली आहे. तिचा चेहरा जेमतेम बारा-पंधरा ठिपके रुंद. त्यात डोळे नाहीत, डोळ्यांच्या जागी सावली आहे. प्रोग्राम तिथं डोळे काढतो, ओठ काढतो, सुरकुत्या काढतो. सगळं रेखीव, पण ते डोळे आजीचे नसतात. त्यानं पाहिलेल्या हजारो अनोळखी बायकांच्या डोळ्यांची ती सरासरी असते. कपाळावरचं गोंदण तो डाग समजून पुसूनही टाकू शकतो. ज्यांनी आजीला पाहिलं आहे ते ओळखतील की काहीतरी चुकलं. ज्या नातवंडांनी तिला कधी पाहिलंच नाही, त्यांच्यासाठी मात्र तीच आजी होऊन बसेल. म्हणून अशी प्रत करायचीच असेल तर जरूर करावी, पण ती सोडून मूळ प्रत टाकून देऊ नये, आणि नव्या प्रतीवर ती कशी केली ते लिहून ठेवावं.

याउलट एक आनंदाची गोष्ट. जुना सिनेमा ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर असतो आणि फिल्मवर कॅसेटपेक्षा कितीतरी जास्त तपशील नोंदलेला असतो. १९५३ च्या ‘श्यामची आई’ची चांगली निगेटिव्ह हाती असेल तर तिच्यावरून खरोखरची फोर के प्रत निघू शकते, १९९५ च्या लग्नाच्या कॅसेटवरून ती कधीच निघणार नाही. १९७५ चा ‘शोले’ याच मार्गानं फोर के स्वरूपात आला आणि २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात दाखवला गेला. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या ठिकाणी फिल्म जपून ठेवण्याचं मोल हे आहे. म्हणून जुना सिनेमा पाहताना ‘फोर के’ या अक्षरांवर जाऊ नका. ती प्रत फिल्मवरून काढली आहे की व्हीसीडी फुगवून केली आहे, हे साडीच्या काठाकडे आणि केसांकडे पाहिलं की लगेच कळतं.

तर रविवारी वेळ काढून हे करून पाहा. आधी टीव्ही ‘सिनेमा’ मोडवर, शार्पनेस खाली, मोशन स्मूदिंग बंद. मग बॉक्सचं आउटपुट ५० वर, आणि ५७६ की १०८० ते डोळ्यांनी पाहून. जुन्या चित्राला ४:३. मग धबधब्याचं किंवा पावसाचं एखादं दृश्य लावा. थेंब थेंबासारखे दिसले, कडांना दात नसले, पाण्याचा कापूस झाला नसला, की आपलं काम झालं.

आणि कॅसेटची घाई मात्र करा. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीनं २०१६ मध्ये ते बनवणं थांबवलं. चालू यंत्रं दर वर्षी कमी होत आहेत, फितींना बुरशी लागते आहे. टीव्हीचं सेटिंग पुढच्या दिवाळीला बदललं तरी चालेल. कॅसेटची मूळ प्रत मात्र यंत्र मिळतं आहे तोवर काढून घ्यावी आणि प्रत निघाली तरी कॅसेट कोरड्या जागी, उभी ठेवून, सांभाळावी. उद्या याहून चांगलं तंत्र आलं तर त्यालाही सुरुवात तिथूनच करावी लागणार आहे.